खांब महावितरणचा, दिवा ग्रामपंचायतीचा

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. माझी ड्यूटी शेजारच्या तालुक्यात होती. साहित्य जमा करून घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर चौथीचा वर्ग ओळखू येईना. बाकं भिंतीला रेटलेली, टेबलं भलत्याच दिशेला मांडलेली, एका दाराला ‘प्रवेश’ आणि दुसऱ्याला ‘बाहेर’ असे कागद, व्हरांड्यात उमेदवारांची यादी, फरशीवर लाखेचे वाळलेले लाल थेंब. मैदानातली फक्कीची रेघही अजून पुसली नव्हती. पोरं आल्या आल्या ती लाख नखांनी खरवडायला बसली. ‘सर, काल इथं काय काय झालं?’

मी काय केलं? बाकं सरळ लावून घेतली, कागद काढायला लावले, दोघांना फरशी पुसायला सांगितली आणि ‘परिसर अभ्यास काढा’ म्हणालो. मागच्या भिंतीवर आपला राज्यकारभाराचा तक्ता होताच, सुतळीनं टांगलेला, खालचा कोपरा उंदरांनी कुरतडलेला. त्याच्यावर बोट ठेवून मी ‘मुख्यमंत्री’ आणि ‘विधानसभा’ शिकवलं. एका मुलीचं लक्ष तक्त्याकडे नव्हतं, माझ्या बोटाकडे होतं. ‘सर, तुमच्या बोटाला शाई नाही. तुम्ही मत नाही दिलं?’ मी टपाली मतदान केलं होतं, ड्यूटीवरचे बहुतेक लोक तसंच करतात. ते तिला सांगायला मला पाच मिनिटं लागली आणि त्या दिवशीच्या तासात खरी शिकवलेली तेवढीच पाच मिनिटं होती.

राज्यातला सगळ्यात मोठा सार्वजनिक कार्यक्रम ज्या खोलीत होतो, त्या खोलीतल्या मुलांना आपण त्या दिवशी सुट्टी देऊन घरी पाठवतो. ती परत आली की खोली पुसून घेतो आणि छापील तक्त्यावर सरकार दाखवतो. वीस वर्षांहून जास्त काळ मी हेच करत आलो, म्हणून हे लिहिण्याचा मला थोडा तरी अधिकार आहे असं समजतो.

आपल्या प्राथमिक शाळांत शैक्षणिक साधनं नाहीत असं आता म्हणता येत नाही. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य शासनाचा कार्यक्रम आला, साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या गटातल्या, शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या आणि त्यानंतर गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. संख्यारेषा, बाराखडीचे चौकोन, घड्याळं, अपूर्णांकांच्या चकत्या. टीका करणारे तेव्हाही होते, पण एक गोष्ट नक्की झाली. गणितात मूल दहा काड्यांचा गठ्ठा स्वतःच्या हातानं बांधतं, सोडतं, पुन्हा बांधतं. चुकलं तर गठ्ठाच सांगतो की चुकलं. नागरिकशास्त्रात असा गठ्ठा कुठे आहे? तिथे अजून भिंतीवर टांगलेलं चित्र आणि त्याच्याकडे मान वर करून बघणारी पोरं. चित्राला काही विचारता येत नाही आणि चित्र खोटं ठरवायची सोयही नाही.

तो तक्ता आठवून बघा. वर अशोकस्तंभ, त्याखाली राष्ट्रपती, मग पंतप्रधान, मग राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ आणि असं उतरत उतरत अगदी तळाला ग्रामपंचायत, तीही बारीक अक्षरात. नागरिक बहुतेक वेळा नसतोच. असला तरी धोतर-फेट्यातला एक हात जोडलेला म्हातारा असतो. मूल यातून नेमकं काय शिकतं? सरकार म्हणजे वरून खाली येणारी गोष्ट, आपण सगळ्यात खाली, आणि खालच्यानं हात जोडायचे असतात. परिपाठात हीच मुलं रोज ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हणतात. त्या वाक्याचा कर्ता कोण, हे व्याकरणाच्या तासाला विचारलं तर चौथीतलं पोरगंही सांगेल. मग भिंतीवर तोच कर्ता कोपऱ्यात कसा गेला?

गंमत म्हणजे ज्या संविधानाच्या नावानं हे तक्ते छापले जातात, ते संविधान स्वतः सचित्र आहे. मूळ प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हातानं लिहिली आणि नंदलाल बोस व शांतिनिकेतनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवली. पहिल्या भागावर सिंधू संस्कृतीतल्या मुद्रेचा बैल आहे. आणि पंधराव्या भागावर, म्हणजे निवडणुकांच्या भागावर, गुरू गोविंदसिंगांसोबत आपले शिवाजी महाराज आहेत. चौथीच्या वर्गात हे चित्र दाखवलं की पोरं आधी ‘राजे!’ म्हणून ओरडतात आणि मग एखादा हमखास विचारतो, राजाला कुठे निवडून देतात? हा प्रश्न दहा तक्त्यांनी पडला नसता. मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. वर्गात त्यावर भांडण झालं ते मात्र चांगलं झालं.

तक्त्याची दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. तक्ता जे दाखवतो ते बाहेर असतंच असं नाही. जिल्हा परिषदेच्या चौकटीत ‘अध्यक्ष’ आणि पंचायत समितीच्या चौकटीत ‘सभापती’ असतात. २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं, निवडणुका झाल्या नाहीत आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. निवडणुका घ्या असा आदेश न्यायालयानं दिला तो २०२५ च्या मे महिन्यात. म्हणजे २०२२ च्या जूनमध्ये जे मूल तिसरीत बसलं, त्याची तिसरी, चौथी आणि पाचवी अशा जिल्ह्यात गेली जिथे जिल्हा परिषदेला निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. तक्ता मात्र भरलेला. खुर्ची रिकामी असताना खुर्चीवर माणूस दाखवणाऱ्या चित्राला मी शैक्षणिक साधन कसं म्हणू? निदान त्या चौकटीवर कोरा कागद चिकटवून ‘इथं सध्या कोण?’ असं लिहिता आलं असतं. ते मी केलं नाही. सुचलंच नाही, हे खरं कारण.

मग काय टांगायचं? माझं म्हणणं असं की आधी टांगणं थांबवायचं. लहान मुलाला शासन दाखवायचं तर पदांचं चित्र नको, कामाचा रस्ता दाखवणारं चित्र हवं. आणि ते मुलानं स्वतः काढलेलं, चालून तपासलेलं आणि चुकलं तर खोडता येणारं हवं.

सुरुवात शाळेच्या पाटीपासून करता येते. ‘जि. प. प्राथमिक शाळा’ ही अक्षरं पोरं दिवसातून दहा वेळा बघतात. एकदा मी विचारलं, यातलं ‘जि. प.’ म्हणजे काय रे? मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘गाडी.’ हसण्यावारी नेलं, पण त्याची काय चूक? १९६२ च्या १ मेपासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आहेत, गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आहेत, आणि त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलाला पाटीवरचे दोन टिंब कुणी उलगडून सांगितले नव्हते.

त्यानंतर मी एक प्रयोग केला आणि अजूनही दरवर्षी करतो. रंगीत घोटीव कागदाच्या टिकल्या कापायच्या आणि वर्गातल्या प्रत्येक वस्तूवर ती कुणाकडून आली त्याप्रमाणे टिकली चिकटवायची. इमारत जिल्हा परिषदेची, तिला निळी. पाठ्यपुस्तकं बालभारतीची, म्हणजे राज्य शासनाची, त्यांना हिरवी. खिचडीच्या पातेल्यावर दोन टिकल्या, कारण पोषण आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य साठ-चाळीसच्या प्रमाणात उचलतात. नळाला ग्रामपंचायतीची पिवळी. मलाही एक टिकली लावली जाते. नेमणूक जिल्हा परिषदेची, पगाराचा पैसा राज्याचा, म्हणून एक निळी कपाळाला आणि एक हिरवी खिशाला. चाळीस मिनिटांत वर्ग होळीसारखा दिसायला लागतो. ज्या मुलाला ‘केंद्र शासन’ हा शब्द दिल्लीइतका लांब वाटत होता, त्याला ते पातेल्यात सापडतं. आणि वाद होतात. टीव्ही लोकवर्गणीतून आलेला, त्याला कुठला रंग? एक मुलगी म्हणाली, आपल्या घराचा, आणि तिनं आपल्या केसाला बांधलेल्या रिबिनीचा तुकडा कापून त्यावर लावला.

या पद्धतीत नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण उभं केलं ते शिंपले, बिया, पानं, खडे असल्या अंगणातल्या वस्तूंवर. महागडी आयात साधनं तिथे परवडणारी नव्हती, आणि परकीही होती. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. मोजायला शिंपला चालतो, तर शासन शिकायला घरपट्टीची पावती का चालू नये, एवढाच माझा प्रश्न.

आता दिव्याची गोष्ट. गेल्या वर्षी शाळेसमोरच्या खांबावरचा दिवा बंद पडला. पहाटे पाणी भरायला जाणाऱ्या बायकांची आणि क्लासला जाणाऱ्या मोठ्या पोरांची पंचाईत. चौथीच्या वर्गाला मी म्हटलं, हा दिवा लावायचा तर कुणाकडे जायचं, त्याचं चित्र काढा. वीस मुलांनी जवळपास वीस वेगळी चित्रं काढली. आठ-नऊ जणांनी सरपंच काढले, तिघांनी वायरमन. दोघांनी थेट मुख्यमंत्री काढले, हेलिकॉप्टरसकट. एकानं आपला काका काढला. का, तर काका ‘बघून घेतो’ म्हणतो आणि मग कामं होतात. मला वाटतं या शेवटच्या चित्राइतकी प्रामाणिक राज्यशास्त्राची आकृती मी पदवीच्या पुस्तकातही पाहिली नव्हती.

चित्रं हातात घेऊन आम्ही निघालो. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक होते. त्यांना सगळे भाऊसाहेबच म्हणतात, पोरंही. ते म्हणाले, दिवा आमचा, पण खांबावर आमच्या माणसाला चढता येत नाही, वीजपुरवठा बंद करायला महावितरणचा माणूस लागतो. वायरमन भेटले दोन दिवसांनी. ते म्हणाले, खांब आमचा, तार आमची, दिवा त्यांचा. त्यांनी दिवा आणून द्यावा. पोरांनी परत येऊन आपापली चित्रं खोडली. नव्या चित्रात खांब काळा आणि दिवा पिवळा, मध्ये दोन माणसं एकमेकांकडे बोट दाखवतायत. चित्राखाली एकीनं लिहिलं, ‘खांब महावितरणचा, दिवा ग्रामपंचायतीचा, अंधार आमचा.’ हे मी शिकवलं नव्हतं.

मग भाऊसाहेबांनी एक रजिस्टर दाखवलं, तक्रार कशी नोंदवतात ते सांगितलं, आणि दिव्याचे पैसे कुठल्या खात्यातून निघतात तेही. घरपट्टीच्या पावतीवर घरपट्टीखाली ‘दिवाबत्ती कर’ अशी वेगळी ओळ असते, ती तिथेच पहिल्यांदा पोरांनी पाहिली. ती ओळ म्हणजे माझ्यासाठी साऱ्या नागरिकशास्त्राचा गाभा. आपण पैसे देतो, म्हणून दिवा मागायचा. मेहरबानी म्हणून नाही, काकाच्या ओळखीनंही नाही. दिवा पंधरा दिवसांनी लागला. पोरांच्या चित्रांमुळे लागला असं म्हणण्याचा मोह होतो, पण भाऊसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची खरेदी तशीही व्हायचीच होती.

पावतीच्या बाबतीत मी एक चूक केली, तीही सांगतो. उत्साहाच्या भरात मुलांना घरून पावत्या आणायला सांगितल्या. गणित आणि नागरिकशास्त्र एकत्र होईल, असा हिशेब. एका मुलाच्या पावतीवर चार वर्षांची थकबाकी होती. शेजारच्यानं ती मोठ्यानं वाचली. त्यानंतर तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. खरी वस्तू वर्गात आणायची तर ती कुणाच्या तरी घरातून येते, आणि घरांत सगळं समान नसतं, हे मला आधी कळायला हवं होतं. आता मी माझ्याच घराची पावती आणतो. त्यावर थकबाकी नसावी म्हणून मार्चमध्ये धावपळही करतो. तेवढा माझा फायदा.

गावात ज्याला ‘कामाचा फलक’ म्हणतात, तो रस्त्याकडेचा पत्रा हे आणखी एक साधन, आणि कुणाच्याही घरचं नाही. योजनेचं नाव, अंदाजपत्रकी रक्कम, ठेकेदार, काम सुरू झाल्याची तारीख, पूर्ण होण्याची तारीख. पाचवीच्या मुलांना लाखांतल्या संख्या वाचायच्याच असतात. त्या पुस्तकातल्या पेरूंच्या पेट्यांवर वाचण्यापेक्षा इथे वाचाव्यात. मग त्या रस्त्याची लांबी पावलांनी मोजावी. एवढंच करावं. निष्कर्ष काढायची गरज नाही. पोरं काढतात ते, घरी जाऊन बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी एखादा पालक शाळेच्या गेटवर येऊन विचारतो, ‘गुरुजी, हे काय नवीन चालू केलंय?’

फलकाचा विषय निघाला की फ्लेक्सचा निघतोच. शहरातल्या मुलांसाठी शासनाचं पहिलं चित्रमय पाठ्यपुस्तक म्हणजे चौकातला फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छा, वर गोल चौकटीत मोठ्या साहेबांचे चेहरे, मध्ये ‘भावी नगरसेवक’ हात जोडून, खाली टिकल्यांएवढे कार्यकर्ते. लहान मूल अक्षर ओळखण्याआधी ही उतरंड वाचायला शिकतं, आणि कोणाचा चेहरा केवढा यावरून कोण मोठा ते बिनचूक सांगतं. आमचा शालेय तक्ता आणि हा फ्लेक्स यांची रचना सारखीच आहे हे एकदा लक्षात आलं की तक्त्याकडे पाहवत नाही. बागेतल्या बाकावर ‘अमुक यांच्या निधीतून’ लिहिलेलं असतं. खासदारांना मतदारसंघातल्या कामांसाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा निधी असतो, आमदारांचा वेगळा असतो. तो पैसा कुणाचा, एवढा एक प्रश्न बाकाकडे बोट दाखवून विचारला तरी शहरातल्या शिक्षकाचा तास वसूल होतो. नावं झाकून विचारावा. आपल्यालाही बदलीची भीती असतेच, खोटं कशाला बोला.

चित्रातून लोकशाही शिकवायची खरी परंपरा आपल्याकडे मोठ्यांच्या शिक्षणात आहे, आणि तिचा विसर पडलाय. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा देशात शंभरातल्या जेमतेम अठरा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगानं तेव्हा प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी दिली आणि पेटीवर चिन्ह लावलं. बैलजोडी, झोपडी, कणीस. मतदारानं नाव वाचायची गरज नव्हती, चित्र ओळखायचं आणि पेटीत कागद टाकायचा. जगात कुठल्याही शाळेनं एवढ्या मोठ्या वर्गासाठी दृश्य साधन वापरलं नसेल. आजही ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. कपबशी, शिट्टी, छत्री, नारळ असली मुक्त चिन्हं असतात, आणि आरक्षणाप्रमाणे मतपत्रिकेचा रंग बदलतो. पहिलीतलं पोरगंसुद्धा ‘आमची कपबशी आली’ म्हणत नाचतं. त्या नाचातून रंग का वेगळे, या वॉर्डात बाईच का उभी राहिली, निम्म्या जागा बायकांना का, इथपर्यंत यायला फार चालावं लागत नाही. महाराष्ट्रानं पंचायतींत महिलांचं आरक्षण २०११ मध्ये पन्नास टक्क्यांवर नेलं. ज्या मुलीची आई सदस्य आहे तिला वर्गात उभं करून विचारा, मीटिंगला कोण जातं, आई की बाबा? एवढं विचारायला चित्र लागतच नाही.

शालेय मंत्रिमंडळाबद्दल थोडक्यात. जवळजवळ प्रत्येक शाळेत ते असतं. मोबाईलवरच्या मतदान यंत्राच्या ॲपवर निवडणूक होते, बीप वाजतो, फोटो गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ग्रुपवर जातात. मग मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, स्वच्छतामंत्री. पण या मंत्र्यांना खर्चायला एक रुपया नसतो, नाकारायला एकही ठराव नसतो आणि विचारणारा विरोधी पक्ष तर नसतोच. स्वच्छतामंत्री होणं म्हणजे दुसऱ्याला झाडू धरायला लावणं, एवढाच अर्थ पोरं काढतात. तो अगदीच चुकीचा आहे असंही नाही. त्यापेक्षा सहलीच्या जागेवर मत घ्यावं आणि जे हरले त्यांना आपलं म्हणणं फळ्यावर आठवडाभर लिहून ठेवू द्यावं.

डिजिटल वर्गाबद्दलही फार लिहीत नाही. संसदेचा ॲनिमेशनपट सुंदर असतो, पोरं गप्प बसतात. गप्प बसतात, हीच त्याची खोट.

चित्रांची वकिली करताना एक कडवट आठवण टाळून चालणार नाही. २०१२ च्या मे महिन्यात एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेलं ते चित्र. संविधान गोगलगाईच्या रूपात, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. पुस्तकाचे प्रमुख सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या समितीनं पुस्तकांतली व्यंगचित्रं तपासली.

त्या वेळी आमच्या शिक्षकांच्या गप्पांत दोन तट पडले. एक म्हणायचा, झुंडशाही. दुसरा म्हणायचा, बाबासाहेबांच्या पाठीशी चाबूक दाखवायची गरजच काय? मोडतोडीचं समर्थन मी तेव्हाही केलं नाही, आज तर नाहीच. पण ज्याच्या आज्यानं खरा चाबूक, खरी काठी पाहिली आहे, त्या मुलाला तो चाबूक रूपक म्हणून दिसत नाही, हे मला माझ्या वर्गातून माहीत आहे. व्यंगचित्राला आधीची माहिती लागते. ती नसेल तर नुसता चाबूक उरतो. म्हणून दहा वर्षांच्या मुलांसाठी मी व्यंगचित्र वापरत नाही. पण त्या वादातून आपण जो धडा घेतला तो मला साफ चुकीचा वाटतो. कुणाला काही टोचणार नाही, कुणी काही विचारणार नाही अशी चित्रं निवडायची, असा तो धडा. हसरा शेतकरी, हसरा पोस्टमन, हसरे सरपंच, ग्रामसभेत ओळीनं बसलेले हसरे गावकरी. मी इतक्या ग्रामसभा पाहिल्या, हसरी एकही पाहिली नाही. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, पाण्याच्या टाकीवरून आवाज चढतात, बायका मागे भिंतीला टेकून आपापसात बोलतात आणि मग त्यांच्यातलीच एक उठून सगळ्यांना गप्प करते. हे चित्र पाठ्यपुस्तकात का नसावं? त्यात कुणाचाही अपमान नाही. भांडण आहे, आणि भांडण मिटवायची रीत आहे. सरकार म्हणजे दुसरं काय असतं?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावची घोषणा सगळ्यांना माहीत आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ हे वाक्य एखाद्या शाळेच्या भिंतीवर रंगवणं सोपं आहे, रंगवतातही. पण त्या गावानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला तो घोषणा रंगवून नव्हे. वर्षानुवर्षं गोलात बसून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहून त्यांनी ते केलं. मुलांना दाखवायचा तो गोल. तो खडूनं फरशीवर काढता येतो आणि त्याला वर-खाली नसतं.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, एवढ्या लहान मुलांना हे कळत नाही, म्हणून तर स्थानिक शासन सहावीला, संविधान सातवीला आणि संसद आठवीला ठेवली आहे. सविस्तर रचना तेव्हा यावी, माझी तक्रार नाही. पण दिवा बंद आहे हे पहिलीतल्या मुलाला कळतं, तो कुणी लावायचा हा प्रश्न त्यालाही पडतो. सहावीपर्यंत त्याला उत्तर मिळालं नाही तर काका मिळतो. दुसरा आक्षेप, शाळेत राजकारण नको. मान्य, पक्ष नकोत. पण मतदार यादी घेऊन दारोदार फिरायला शिक्षक चालतो, मतदान केंद्राला शाळेची खोली चालते, पालकांची बहुसंख्या असलेली शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानं शाळेतच बसते. एवढं सगळं शाळेत आल्यावर मुलांनी त्याच्याकडे पाहू नये, असं म्हणणाऱ्यांना नेमकी कशाची काळजी वाटते?

वेळ नाही, हा तिसरा आक्षेप माझ्यासारख्या शिक्षकांचाच, आणि तो खरा आहे. ऑनलाइन माहिती भरता भरता दिवस जातो.

यंदा टिकल्यांचा तास झाला तेव्हा सगळ्यात शेवटी झाडू राहिला. शाळा अनुदान वेळेवर आलं नव्हतं, म्हणून तो मी माझ्या पैशानं आणला होता. पोरांनी विचारलं, सर, हा कुणाचा? मी खरं सांगितलं. मग बराच वेळ चर्चा चालली. एक म्हणाला, सरांचा, म्हणून सरांचीच टिकली लावा. दुसरी म्हणाली, सरांच्या घरचा नाही, शाळेसाठी आणलाय. तिसरा म्हणाला, पैसे आले की सर घेतील ना परत, मग निळी लावा, पण आत्ता नको. शेवटी त्यांनी एक निळी टिकली कापली, तिच्यावर ‘येणे बाकी’ लिहिलं आणि झाडूच्या मुठीला दोऱ्यानं बांधून ठेवली. ती अजून तिथंच आहे.